यात्रेत पिवळा भंडारा, कारखान्यात पिवळा इशारा! रंग नेमकं काय सांगतात?

कागल : पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडारा उधळला की माणसं, रस्ता, देऊळ सगळं पिवळंधमक होतं. तो रंग श्रद्धेचा. जवळच्याच कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत मात्र पिवळा रंग वेगळंच सांगतो. काळ्या काठाचा पिवळा त्रिकोण दिसला की समजायचं, पुढं धोका आहे. रंग तोच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो.

चित्रकार हेच तंत्र वापरतात. लाल, पिवळा हे रंग डोळ्याला पुढं आल्यासारखे वाटतात, निळा मागं सरकल्यासारखा. म्हणून चित्रात लांबचे डोंगर निळसर रंगवतात. कोल्हापूरचे आबालाल रहमान यांची निसर्गचित्रं याच रंगांच्या जाणकारीसाठी नावाजली गेली. बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ 1920 सालचा. मूकपटांच्या त्या काळात चित्रीकरण काळं-पांढरं. लोकांचं लक्ष खेचायचं काम रंगवलेली पोस्टर्स करायची.

कारखान्यात लक्ष खेचायचं ते जीव वाचवायला. तिथले चार रंग लक्षात ठेवा :

लाल : मनाई, थांबा. आग विझवायचं साहित्यही लाल.
पिवळा : धोका, सावध राहा.
निळा : हे केलंच पाहिजे. उदा. हेल्मेट, गॉगल घाला.
हिरवा : सुरक्षित. बाहेर पडायची वाट, प्रथमोपचार पेटी.

काही जणांना, त्यातही पुरुषांना जास्त, लाल-हिरव्यातला फरक जन्मापासूनच नीट कळत नाही. म्हणून पाट्यांना आकारही ठरवून दिलेत. मनाईला तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ, धोक्याला त्रिकोण, सुरक्षित वाटेला चौकोन. रंग नाही ओळखला तरी आकार सांगतो.

गॅस कटिंगच्या कामात ऑक्सिजनची टाकी काळी, अॅसिटिलीनची तपकिरी-लाल असते. अॅसिटिलीनच्या जोडणीचे आटे मुद्दाम उलटे ठेवलेले असतात, म्हणजे चुकून नळी बदलायला नको. तरी टाकीवरचं नाव वाचल्याशिवाय जोडणी करू नये; रंग उडालेला असू शकतो.

रंग फसवतो तो फाउंड्रीत. तापलेलं लोखंड लाल दिसतं तोवर कुणी हात लावत नाही. पण साधारण 500 अंशांच्या खाली आलं की लाली जाते आणि कास्टिंग थंड झाल्यासारखं काळं दिसतं. तेव्हाही ते हात भाजून काढायला पुरेसं असतं. नव्या पोरांची चूक इथंच होते. लाली गेली म्हणजे गार झालं, असं नाही.

गावाकडून पहिल्यांदा कामावर जाणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सुपरवायझरला विचारावं, “इथल्या रंगांचा अर्थ काय?” विचारण्यात कमीपणा नाही. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरवर हिरवं बटण चालू आणि लाल बटण बंद, हे आपण असंच कुणाकडून तरी शिकलोय.