ज्वारी, पाला आणि ताक : सोलापूरच्या गर्भवतीचे ताट

सोलापूर जिल्ह्यात गरोदर बाईच्या पोटात सर्वांत जास्त जाणारे धान्य म्हणजे ज्वारी, आणि इथल्या कोरडवाहू जमिनीला झेपणारे पहिले पीकही तेच. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. भारी काळी जमीन ती ओल धरून ठेवते, आणि त्या ओलीवर पेरलेली रब्बी ज्वारी बहुतेक ठिकाणी पाण्याची एकही पाळी न देता फेब्रुवारीच्या सुमारास काढणीला येते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी वाण याच जमिनीसाठी घडले आणि अजून टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. याच जिल्ह्यात उजनी धरणाच्या भरवशावर ऊस उभा असतो. तो बारा ते अठरा महिने शेतात राहतो आणि दीड-दोन हजार मिलिमीटर पाणी पितो. तांदूळ बहुतांशी बाहेरून येतो, आणि पाणी साचवलेल्या भातखाचरांतून मिथेन वायू हवेत जातो. तेव्हा भाकरी खाणे हे सोलापुरात पर्यावरणाचे वेगळे व्रत नव्हे. घरोघर चालत आलेली रीतच जमिनीच्या सोयीची आहे. गरोदरपणात या रीतीत काय पुरते आणि काय कमी पडते, हे मात्र नीट पाहावे लागते.

पोटात बाळ म्हणजे दोघांचे खायचे, असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात वाढीव गरज तेवढी नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गर्भवतीला नेहमीपेक्षा दिवसाला ३५० किलोकॅलरी जास्त लागतात. प्रथिने दुसऱ्या तिमाहीत सुमारे साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जास्त लागतात. घरच्या मापात सांगायचे तर एक मध्यम भाकरी, एक डाव मटकीची उसळ आणि वाटीभर दही इतक्यात वाढीव ऊर्जा भरून निघते. प्रथिनांची भर मूठभर शेंगदाण्यांनी होते. ३० ग्रॅम दाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. सोलापूरची शेंगाचटणी या हिशेबात चैन नसून अन्नच आहे, फक्त तिच्यातले तिखट-मीठ जपून. शेवटच्या महिन्यांत जळजळ वाढते तेव्हा चटणी दह्यात कालवून खाण्याची इथली सवय उपयोगी पडते.

भाकरीचा एक दोष पिठातच असतो. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, पण कोंड्यातली फायटेट नावाची द्रव्ये त्यातले बरेचसे धरून ठेवतात आणि आतड्यात ते शोषले जात नाही. गरज दिवसाला २७ मिलिग्रॅमची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या, म्हणजे त्यांचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली होते. ज्वारी सोडून देणे हा त्यावरचा उपाय नाही. जुन्या स्वयंपाकातल्या दोन रीतींनी फायटेटचा जोर कमी होतो. एक आंबवण्याची : ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी शिजवून आंबील करायची. दुसरी मोड आणण्याची : मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच अर्धा इंच मोड दिसतात. मोडांनी फायटेट घटते आणि क जीवनसत्त्व वाढते. पण गरोदर बाईने मोड कच्चे खाऊ नयेत. ओल्या उबेत जंतूही वाढतात, म्हणून मटकीला चांगली वाफ द्यावी. हुलग्याचे माडगे हाही याच घराण्यातला पदार्थ. मटकी, हुलगा, तूर, हरभरा ही पिके मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे पुढच्या पिकाला युरिया कमी लागतो. ताटातली डाळ जमिनीच्या हिशेबातही जमेच्या बाजूला पडते.

आंबट पदार्थ जवळ असला की लोह जास्त शोषले जाते. चहा असला की कमी. भाजीवर लिंबू पिळणे, जेवणानंतर पेरू किंवा आवळ्याची फोड खाणे आणि जेवणावर लगेच चहा न घेणे, एवढ्याने फरक पडतो. टोमॅटो-चिंचेची आमटी लोखंडी कढईत उकळली तर थोडे लोह भांड्यातूनही उतरते. डाळिंबाबद्दल मात्र सोलापूरकरांना थोडे दुखावणारे सांगणे भाग आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला मानांकनही आहे, आणि गरोदर बाईच्या उशाशी डाळिंब ठेवणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. पण लाल रंगावरून ते रक्त वाढवते हा समज खरा नाही. १०० ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमही नसते. फळ चांगले आहे, जरूर खावे. पण रक्तासाठी पैसे मोजायचे असतील तर ते पालेभाजी, कडधान्ये आणि पेरूवर मोजावेत.

पालेभाजीचे महत्त्व ठसवणारा अभ्यास महाराष्ट्रातच झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा आहार नोंदवला. या बायका शेतात राबणाऱ्या आणि किरकोळ अंगाच्या. आहारातल्या एकूण ऊर्जेचा आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खाणाऱ्या बायकांची बाळे मात्र जन्मतः मोठी होती. त्यानंतर मुंबईच्या वस्त्यांत स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहिला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरसकट सगळ्यांच्या बाळांचे वजन वाढले नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला त्यांच्या बाळांचे वाढले. गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाणही खाऊ घेणाऱ्यांत घटले. पालेभाजी सुरू करण्याची वेळ सातवा महिना नसून लग्नानंतरचे पहिले जेवण आहे, असा याचा अर्थ. फॉलिक ॲसिडचेही तसेच. बाळाची मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांत बंद होते, तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

पाल्याची सोलापुरात टंचाई नाही. असलाच तर नव्या पिढीचा विसर आहे. हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा खुडलेला पाला, चाकवत, मेथी; पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, अंबाडी; आणि बारमाही शेवग्याचा पाला. यातल्या काही रानात आपसूक उगवतात, काहींना मुख्य पिकाची ओलच पुरते. करडईची रोपे विरळताना निघालेला पाला हीच भाजी असते, वाया काहीच जात नाही. बांधावरची भाजी तणनाशक मारलेल्या शेताची नाही एवढी खात्री तेवढी करून घ्यावी. हंगामातली, जवळून आलेली भाजी स्वस्त असते, तिला शीतगृह लागत नाही. पाला चिरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुवावा आणि शिजवताना वरचे पाणी फेकू नये. फोलेट पाण्याबरोबर जाते.

ज्वारी, डाळ आणि पाला मिळूनही एक गोष्ट देऊ शकत नाहीत : ब-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींत नसतेच. पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ते कमी होते. ज्यांच्यात फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. पर्यावरणासाठी दूधदुभते पूर्ण सोडण्याचा पाश्चात्त्य सल्ला इथे गर्भवतीला जसाच्या तसा लागू होत नाही तो यामुळे. इथल्या गाई-म्हशी ज्वारीच्या कडब्यावर पोसल्या जातात. दाणा माणसाचा, ताट जनावराचे, शेण पुन्हा शेताला. या साखळीतले वाटीभर दही, पेलाभर ताक आणि तापवलेले दूध गर्भवतीच्या ताटात हवेच. ताक पातळ असते, त्यामुळे नुसत्या ताकावर ब-१२ ची गरज भागेल असे समजू नये. मांसाहार चालत असेल तर उकडलेले अंडे किंवा उजनीतली चिलापी मासळी नीट शिजवून खाणे सर्वांत सोपे. लिंगायत आणि इतर शाकाहारी घरांत दुधाचे प्रमाण बेताचे असेल तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासावे आणि गोळी घ्यावी.

खाण्यावरच्या बंधनांनीही बरेच नुकसान होते. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने शेवटच्या महिन्यांत सुनेची भाकरी कमी केली जाते. बाळाचे वजन नेमके याच काळात भरते. कच्ची पपई टाळावी हे ठीक, तिच्यात चीक असतो. पण त्यापायी केळी, दही, अंडी सगळेच उष्ण किंवा थंड ठरवून वगळण्यात अर्थ नाही. डोहाळजेवणाचा थाट एका दिवसाचा. उरलेले दिवस ती बाई सगळ्यांच्या शेवटी, पातेल्यात उरलेल्यावर जेवत असेल तर त्या थाटाला फारशी किंमत नाही. माती, भिंतीचा पोपडा किंवा खडू खावासा वाटणे हे डोहाळे समजून हसण्यावारी नेले जाते. बहुतेकदा ती लोह कमी असल्याची खूण असते, आणि मातीबरोबर जंतही पोटात जातात.

सोलापुरात गर्भवतीच्या खाण्याला आणखी एक खास पदर आहे. शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. तंबाखूची भुकटी बोटांना, पदराला, कधी पिठालाही लागते. काटवट पुढे ओढण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुणे आणि तंबाखूचे सूप स्वयंपाकापासून लांब ठेवणे हा इथल्या गर्भवतीच्या आहाराचाच भाग आहे. मिश्री लावण्याची सवय त्याहून वाईट, कारण निकोटीन हिरड्यांतून सरळ रक्तात जाते आणि बाळाचे वजन घटवते.

पाणी हाही आहारच. शहरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ते साठवावे लागते. पिण्याचे पाणी उकळून, झाकलेल्या भांड्यात ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे. गरम आमटी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणण्यापेक्षा घरचा डबा नेलेला बरा. भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नयेत, शाई तेलात उतरते. चुलीवरची भाकरी गोड लागते, पण गरोदर बाईने धुरात बसून ती थापू नये. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे भाजून वापरात आणू नयेत. बुरशीचे विष भाजल्याने जात नाही.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवेतून अंगणवाडीत गर्भवतीला दिवसाला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा पूरक आहार मिळायचा असतो. या आहाराचे पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटले गेले तर तिच्या वाट्याला घासभरच येतो. पहिली तिमाही संपली की आरोग्य केंद्रातून १८० दिवस पुरतील इतक्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात, प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. अन्न कितीही चांगले असले तरी गरोदरपणातली लोहाची वाढीव गरज बहुतेकींची नुसत्या ताटातून भागत नाही, म्हणून गोळी चुकवू नये. शौच काळे होते, थोडी मळमळ होते. रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घेतली तर सोसते. कॅल्शियमची गोळी आणि दूध तिच्याबरोबर घेऊ नये, कारण कॅल्शियम लोहाला अडवते. कॅल्शियम सकाळच्या न्याहारीला, लोह रात्री, असे वेळापत्रक बहुतेक घरांत सहज बसते.