सोसल्याची निर्जळी, आपला फराळ

मैसूरच्या आग्नेयेला, कावेरी आणि कपिला यांच्या संगमावर वसलेल्या तिरुमकूडलु नरसीपूरजवळ सोसले हे गाव आहे. माध्व संप्रदायातल्या व्यासराज मठाचे नाव या गावाशी जोडलेले आहे. ज्यांच्यापासून ही परंपरा नावारूपाला आली ते व्यासतीर्थ विजयनगरच्या दरबारात मान असलेले यती. त्यांचा जन्म याच तालुक्यातल्या बन्नूरचा, निधन १५३९ सालचे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या भागातल्या माध्व देशस्थ घरांना सोसले हे नाव परके नाही. या घरांत मराठी बोलली जाते, पण एकादशी मठाच्या रिवाजाने पाळली जाते. दशमीला एकभुक्त राहायचे, एकादशीला अन्न नाही, कडक पाळणाऱ्यांना पाणीही नाही आणि द्वादशीला सकाळी लवकर पारणे. त्याच गल्लीत शेजारच्या घरी मात्र एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी आणि वरीचा भात असतो.

श्रद्धेच्या दृष्टीने दोन्ही एकादश्याच. शरीराच्या दृष्टीने मात्र त्या अगदी वेगळ्या आहेत. ‘वजन उतरावे म्हणून एकादशी धरली आहे’ असे हल्ली बरेच जण सांगतात. म्हणून दोन्हींत आत काय घडते, ते नीट पाहायला हवे.

आधी निर्जळी घेऊ. दशमीला दुपारी जेवण झाले की चार-सहा तास आतड्यांतून साखर, मेद आणि प्रथिनांचे घटक रक्तात येत राहतात. इन्सुलिन वाढलेले असते आणि शरीर साठवणीच्या कामात असते. रात्रीचे जेवण नसल्यामुळे संध्याकाळनंतर ही आवक थांबते. मेंदूला तर दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. ते यकृत पुरवते. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे १०० ग्रॅम साखर साठवलेली असते. रात्रभर ती वापरली जाते आणि एकादशीच्या दुपारपर्यंत साठा तळाला जातो. स्नायूंतही ग्लायकोजेन असते, यकृतापेक्षा कितीतरी जास्त, पण ते स्नायू स्वतःसाठीच वापरतात, रक्तात सोडत नाहीत.

इथून पुढे यकृत नवी साखर तयार करू लागते. त्याचा कच्चा माल काही प्रमाणात मेदातून येतो आणि बराचसा प्रथिनांतून, म्हणजे शेवटी स्नायूंतून. दुसरीकडे चरबीच्या पेशी मेदाम्ले सोडू लागलेल्या असतात. एकादशीच्या रात्रीपर्यंत यकृत त्यांतून कीटोन बनवते आणि मेंदू तेही इंधन म्हणून स्वीकारतो. तोंडाला येणारा वेगळा वास याच कीटोनचा. अनेकांना दुपारी वाटणारी भूक रात्री वाटत नाही, त्यालाही कारण आहे. घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक सतत चढत जात नाही. नेहमीच्या जेवणाच्या वेळी ते वाढते आणि ती वेळ टळली की उतरते. भुकेचे घड्याळ बऱ्याच अंशी सवयीने लागलेले असते.

द्वादशीच्या पारण्याआधी वजन केले तर काटा किलोभर, कधी त्याहूनही खाली आलेला दिसतो. यातली चरबी किती? एक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा संपला की ते पाणीही जाते. प्यायलेच काही नाही, तरी लघवी, घाम आणि श्वासावाटे पाणी बाहेर पडतच असते. आतडी रिकामी झालेली असतात, त्यांचाही भार कमी होतो. दशमीची रात्र आणि एकादशीचा दिवस धरून जेवणातून साधारण अडीच हजार कॅलरी कमी गेल्या असे मानू. एक किलो शरीरचरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. थोडी तूट ग्लायकोजेनने आणि थोडी प्रथिनांनी भरून काढली, म्हणजे गेलेली चरबी पाव किलोहूनही कमी भरते. बाकीचे बहुतेक पाणी, आणि ते त्रयोदशीपर्यंत परत येते.

पाव किलो म्हणजे काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. वर्षाला चोवीस एकादश्या येतात. ही तूट तशीच राहिली तर वर्षाअखेरीस फरक नक्कीच पडेल. बहुतेकांच्या बाबतीत ती राहत नाही, कारण पुढच्या तेरा दिवसांत ती सहज भरून निघते. अडीच हजार कॅलरी तेरा दिवसांत वाटल्या तर रोज दोनशेही होत नाहीत. रोज तूप लावलेली एक पोळी जास्त आणि साखरेचा एक चहा जास्त, एवढ्यात हिशेब बरोबरीला येतो, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वजन ठरते ते या तेरा दिवसांत.

आता फराळाची एकादशी. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाच्या पिठापासून बनतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याकडे येणारा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागात तयार होतो. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिने नावापुरती. साठ ग्रॅम कोरडा साबुदाणा, वीस ग्रॅम दाण्याचे कूट, तीन चमचे तूप आणि एक लहान बटाटा घेतला तर बशीभर खिचडी पाचशे कॅलरींच्या घरात जाते. खिचडीत पोषण आहे ते मुख्यतः दाण्याच्या कुटात. बशी संपली की साबुदाण्याची साखर चटकन रक्तात येते, इन्सुलिन चढते आणि तीन तासांत पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. मग बटाट्याचा चिवडा निघतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांनी केली त्यांनी माणसाची भूक नीट पाहिली होती.

फराळच करायचा तर राजगिरा घ्यावा. त्यात तेरा-चौदा टक्के प्रथिने आहेत, शिवाय लोह आणि कॅल्शियमही भरपूर. राजगिऱ्याची भाकरी, दही किंवा ताक, भोपळ्याची भाजी आणि मूठभर दाणे असा फराळ पोटाला तासन्‌तास पुरतो. भूक शमण्यासाठी जठर ताणले जावे लागते आणि आतड्यांतून ‘पुरे’ हा संदेश मेंदूला जावा लागतो. त्याला वीसेक मिनिटे लागतात. प्रथिने आणि तंतू असले की हा संदेश ठळकपणे जातो.

पेयांचे वेगळे आहे, आणि इथे आपण फारच बेसावध असतो. द्रव पोटातून लवकर पुढे सरकतो, त्यातल्या कॅलरींची दखल भूक जवळजवळ घेत नाही. पुढच्या जेवणात आपण तेवढे कमी खात नाही. उपवासाच्या दिवशी चहा ‘चालतो’ म्हणून चाराचे सहा कप होतात. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली तर साठ ग्रॅम साखर फक्त चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा असे सांगते. रोजच्या जेवणालगत चहा घेण्याचा आणखी एक तोटा आहे. चहातली पॉलिफेनॉल द्रव्ये डाळी-भाज्यांतले लोह बांधून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा देशात चहा जेवणापासून तासभर दूर ठेवणे आणि पानात लिंबू ठेवणे हे बिनखर्चाचे औषध आहे.

सोसल्याच्या परंपरेत चातुर्मासाचेही नियम आहेत. पहिला महिना शाकव्रत, भाज्या वर्ज्य. दुसरा दधिव्रत, दही नाही. तिसरा क्षीरव्रत, दूध नाही. चौथा द्विदलव्रत, डाळी-कडधान्ये नाहीत. आहाराच्या अंगाने पाहिले की या मांडणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दही नसते तेव्हा दूध चालते, दूध नसते तेव्हा दही चालते, आणि डाळी बंद होतात तेव्हा दोन्ही पानात परत आलेली असतात. तांदळात लायसिन हे प्रथिनाचे घटकद्रव्य कमी असते. डाळ किंवा दूध-दही ते भरून काढते. त्यामुळे प्रथिनांची बाजू पूर्ण उघडी पडत नाही. अवघड जातो तो शाकव्रताचा महिना. हिरव्या पालेभाज्यांतले फोलेट, कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व दुसरीकडून तितक्या सहज मिळत नाही. त्या महिन्यात चालणारे मूग आणि उडीद सढळ हाताने वापरावेत.

वजनाचा काटाच सर्वस्व का मानू नये, याचे उत्तर पुणे आणि मैसूर या दोन शहरांनी दिले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपली बाळे स्नायूंनी जितकी बारीक होती, तितकी चरबीने नव्हती. हीच ठेवण पुढे मोठेपणी राहते. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी २३ लाच सावध होण्याची रेघ मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. मुळात स्नायू कमी असलेल्या माणसाने वारंवार उपाशी राहून ते आणखी घालवणे हा घाट्याचा व्यवहार आहे.

पुण्याच्या त्याच अभ्यासात गरोदरपणी दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक खाणाऱ्या स्त्रियांची बाळे जन्मतः थोराड निघाली. मैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयात १९९७ पासून झालेल्या गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात ४३ टक्के जणींत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. शाकाहारी घरात ते जवळपास फक्त दूध-दही-ताकातूनच मिळते.

म्हणून एकादशी धरणाऱ्या प्रत्येक घराला एक विनंती. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुले, थकलेली माणसे, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे यांना निर्जळीचा आग्रह करू नका. आजाऱ्याला, वृद्धाला आणि बालकाला धर्मशास्त्रानेही सूट दिलेली आहे. घरात कुणी गरोदर असेल तर चातुर्मासातही तिच्या पानातले दूध, दही आणि पालेभाजी एक दिवसही बंद करू नका.