पुलाचे छायाचित्र आणि सत्त्याऐंशीचा भागाकार

महागाव तालुक्यातील फुलसावंगी गावास रेल्वेचा रूळ अद्याप लागलेला नाही. परंतु ज्या यवतमाळ जिल्ह्यात हे गाव वसले आहे, त्याच्या मुख्य ठिकाणाहून वऱ्हाडचा कापूस वाहून नेणारी ‘शकुंतला’ आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभापासून मूर्तिजापुराकडे धावत असे, आणि तेथून पुढे पूर्णा ओलांडून अचलपुरास जाणारी तिची दुसरी शाखाही होती. किलिक निक्सन या कंपनीच्या मक्त्यातला हा अरुंद मार्ग, म्हणजे दोन रुळांत केवळ 762 मिलिमीटर अंतर. 1921 साली मँचेस्टरास घडलेले बाष्पयंत्र त्यावर 1994 पर्यंत राबले. गाडी आता बंद पडली आहे. मात्र ज्यास आगगाडीची प्रतिकृती घडविण्याचा नाद आहे, त्याच्या दृष्टीने हा मार्ग म्हणजे निसर्गाने नव्हे तर गणिताने दिलेली देणगी होय.

कारण असे की, पुण्यास कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी 1998 साली खुले केलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात आणि जगभरच्या हौशी मंडळींत जे प्रमाण रूढ आहे, ते 87 स एक हे होय. आणि बाजारात 9 मिलिमीटर अंतराचे जे तयार रूळ मिळतात, त्यांस 87 ने गुणल्यास 783 मिलिमीटर येतात, म्हणजे शकुंतलेच्या मापाहून अवघे 21 मिलिमीटर अधिक. एवढी चूक डोळ्यास दिसत नाही.

रूळ असे तयार मिळतात; पूल मात्र स्वतःच घडवावा लागतो, आणि त्याचे मूळ नकाशे एखाद्या दप्तरात धूळ खात पडलेले असल्यास छायाचित्राखेरीज दुसरा आधार उरत नाही. जर्मन स्थपती आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा 1858 साली वेट्झलारच्या चर्चची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला, आणि तेव्हापासून इमारतीवर न चढता छायाचित्रावरून मापे काढण्याच्या शास्त्राचा तो पुरस्कर्ता झाला. त्या शास्त्राचे मर्म सोपे आहे. वस्तू जितकी दूर तितकी तिची प्रतिमा लहान. म्हणून खांबाची मागची कड पुढच्या कडेहून दोन मीटर मागे असेल आणि आपण दहा मीटरांवर उभे असू, तर मागील भाग सुमारे सतरा टक्के लहान उमटतो, आणि पन्नास मीटरांवरून तीच तफावत चार टक्क्यांच्या आत येते. तेव्हा जवळ जाऊन रुंद भिंगाने भव्य चित्र घेण्याचा मोह आवरावा, लांब पल्ल्याचे भिंग वापरावे, कॅमेरा वर न उचलता पुलाच्या दर्शनी बाजूस समांतर धरावा, आणि खांबाच्या पायथ्याशी लाल-पांढरे पट्टे ओढलेली एक मोजकाठी उभी करावी. वैशाखात नदीचे पात्र कोरडे असते, तेव्हा ही सोय सहज होते. चालत्या मार्गावर रुळांत उतरणे कायद्याने गुन्हा आहे, आणि पात्रातूनच चित्र अधिक चांगले येते.

जे चित्रात येईल ते निरखावे. खांबाची प्रवाहाकडील बाजू पुराचे पाणी दुभंगावे म्हणून टोकदार केलेली आढळते. हौशी कारागीर पुष्कळदा ती सपाट करतात, आणि मला तर एवढ्या एका चुकीने सारी प्रतिकृती निष्प्राण वाटते. 12 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा 87 ने भागला की 0.14 मिलिमीटर उरतो, म्हणजे जवळजवळ जाड कागदाइतका, आणि त्यावरील रिव्हेटांची डोकी तर सुईच्या टोकाने मागून टोचूनच उमटवावी लागतात.

एक गैरसमज मात्र येथेच दूर व्हावा. प्रतिकृतीचे वजन 87 च्या घनाने, सुमारे साडेसहा लाख पटींनी, घटते, तर भार पेलणारा छेद वर्गाने, साडेसात हजार पटींनीच. म्हणून साहित्य तेच धरले तरी प्रतिकृतीवरील स्वभाराचा ताण मूळच्या 87 पटींनी कमी असतो. कागदाचा पूल टिकला यावरून मूळ पूल मजबूत होता, असा निष्कर्ष काढता येत नाही. भोर घाटातील एक कमानदार दगडी पूल 1867 च्या पावसाळ्यात कोसळला, ही गोष्ट ध्यानी ठेवावी. त्याच घाटाचे काम, मक्तेदार पती सॉलोमन 1859 मध्ये निवर्तल्यानंतर, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने पुढे चालविले, आणि तेथील बांधकामाच्या जुन्या छायाचित्रांशी तिचेच नाव जोडले जाते. प्रतिकृतीसाठी थळ घाटातील एहेगावचा पूल ज्यास हवा असेल, त्याने सुमारे 180 फूट उंचीस दोन फुटांहून थोडी अधिक आणि 750 फूट लांबीस साडेआठ फुटांहून थोडी अधिक जागा मोकळी करावी. घरातील मंडळींची संमती आधी घ्यावी.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा नवा मार्ग पुसद-उमरखेडच्या बाजूने यावयाचा आहे, आणि तो रुंद, म्हणजे 1676 मिलिमीटरांचा. जगभर विकले जाणारे 16.5 मिलिमीटरांचे तयार रूळ त्या मापास चौदा टक्के अपुरे पडतात. म्हणून फुलसावंगीच्या एखाद्या मुलाने त्या मार्गाचा पूल करावयाचे मनात आणले, तर 19.3 मिलिमीटर अंतराने रूळ त्यास स्वतःच्या हातानेच जोडावे लागतील.