पाणी आहे, पण खारे!

दर्यापूर किंवा अकोट भागातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, "विहिरीला पाणी आहे का?" तो म्हणेल, "आहे, पण खारे!" पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. असाच पेच ४ डिसेंबर २०१४ रोजी आपल्या एका शेजारी देशाच्या राजधानीवर आला.

ती राजधानी म्हणजे मालदीवमधील माले. या लहानशा बेटावर लाखाहून अधिक लोक राहतात. समुद्राचे पाणी गोडे करून ते नळाने घरोघर पुरवले जाते. त्या दिवशी या कारखान्याच्या विजेच्या नियंत्रण पॅनेलला आग लागली आणि नळ कोरडे पडले. मालदीवच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना रात्रीच दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी भारतीय वायुदलाचे विमान पाणी घेऊन मालेला उतरले. या मोहिमेचे नाव होते 'ऑपरेशन नीर'.

मदतीचे गणित

एका माणसाला नुसते पिण्यासाठी दिवसाला ३ लिटर पाणी धरू. एक लाख माणसांना ३ लाख लिटर, म्हणजे ३०० टन पाणी रोज हवे. मोठे मालवाहू विमान एका फेरीत ४० ते ७० टन नेते. आपल्या विमानांनी तीन दिवसांत सुमारे ३७५ टन पाणी पोहोचवले. एवढा खटाटोप केला, तरी ते शहराला जेमतेम एक दिवस पुरणारे!

मग विमाने कशासाठी? कारण ती काही तासांत पोहोचतात. मुंबईहून निघालेल्या 'आयएनएस दीपक' या जहाजात सुमारे १,००० टन पाणी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर हे शंभर टँकर झाले. पण मुंबई ते माले हे अंतर सुमारे १,७०० किलोमीटर आणि जहाजाचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास. किती तास लागतील, ते तुम्हीच काढा. तेवढा वेळ तहान थांबत नाही.

तिसरी मदत वेगळीच होती. 'आयएनएस सुकन्या' या जहाजावर रोज २० टन गोडे पाणी तयार करणारी यंत्रणा होती. २० टन म्हणजे अवघे दोन टँकर. परंतु आणलेले पाणी संपते, तर यंत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच देते.

उलटी वाट

हे यंत्र काय करते? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. पेशींभोवतीचे पटल पाण्याला सहज वाट देते, मिठाला देत नाही. त्यामुळे कमी क्षारांच्या बाजूचे पाणी जास्त क्षारांच्या बाजूकडे आपोआप जाते. यालाच परासरण म्हणतात.

आपल्याला हवे असते नेमके उलट : खाऱ्या बाजूचे पाणी गोड्या बाजूला! ते आपोआप होत नाही, त्यासाठी दाब द्यावा लागतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. परासरण नुसते थोपवायलाच सुमारे २७ वातावरणे दाब लागतो. म्हणजे जवळजवळ २७० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब! प्रत्यक्ष कारखान्यात तो ५५ ते ७० वातावरणांपर्यंत नेतात. हे काम पंप करतात आणि पंप विजेवर चालतात. हजार लिटर गोड्या पाण्यामागे साधारण ३ ते ४ युनिट वीज खर्च होते. म्हणूनच पॅनेल जळताच, समुद्र जागेवर असूनही, माले तहानले.

आपल्या गावात

बाजारात ज्याला आर. ओ. म्हणतात, ते हेच यंत्र. खारपाणपट्ट्यातल्या कित्येक गावांत ते आता दिसते. आपल्या विहिरींचे पाणी समुद्रापेक्षा पुष्कळ कमी खारे असल्याने दाबही कमी पुरतो. पण एक अडचण समुद्राकाठी सोपी असते आणि आपल्याकडे अवघड. यंत्र मीठ नाहीसे करत नाही, फक्त एका बाजूला सारते. गोड्या पाण्याबरोबर अधिक खारे पाणीही बाहेर पडते. मालेला ते समुद्रात सोडता येते. आपल्याकडे ते नालीतून शेवटी जमिनीत मुरले, तर तीच माती आणि तेच भूजल आणखी खारे होणार! शिवाय सगळे गाव एकाच यंत्रावर विसंबले आणि ते बंद पडले, तर मालेसारखी गत होईल. म्हणून वान आणि शहानूर धरणांचे नळाने येणारे गोडे पाणी आणि छपरावरचे साठवलेले पावसाचे पाणी, यांचे मोल कमी लेखू नये.

आता एक काम करा. तुमच्या गावात आर. ओ. केंद्र असेल, तर तेथे दोन प्रश्न विचारा : शंभर लिटर विहिरीच्या पाण्यापासून किती लिटर गोडे पाणी मिळते? उरलेले कोठे जाते? उत्तरे वहीत लिहून शिक्षकांना दाखवा आणि त्या उरलेल्या पाण्याचे काय करता येईल, यावर वर्गात चर्चा करा.