बर्फाबरोबर दरी उतरताना

स्कीची सुट्टी संपवून पुढच्या मुक्कामाला निघायचं असेल, तर ते स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यातून, सेंट मॉरिट्झहून निघावं. तेही मार्च सरताना किंवा एप्रिलमध्ये, आणि झुरिककडे न जाता दक्षिणेला, बर्निना खिंड ओलांडून इटलीतल्या तिरानोला उतरणाऱ्या लाल गाडीनं. परतीचा दिवस म्हणजे बॅगा भरायच्या, भाड्यानं घेतलेले बूट परत करायचे आणि हळहळत गाडीत बसायचं, असं आपण धरून चालतो. माझ्या मते सुट्टीतला सगळ्यात समृद्ध दिवस तोच. इतके दिवस ज्याच्यावरून घसरत होतो ते हिम खरं तर कोण आहे आणि कुठं निघालंय, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसतं.

त्यासाठी शेवटची फेरी सकाळी मारून घ्यावी. ताजं पडलेलं हिम म्हणजे नऊ दशांशाहून जास्त नुसती हवा असते. नाजूक स्फटिकांची टोकं एकमेकांना टेकलेली आणि मध्ये सगळी पोकळी. वसंतात दिवसा ते थोडं वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. असं अनेकदा झालं की टोकं झिजतात, स्फटिकांचे टपोरे गोल दाणे होतात आणि रात्री ते एकमेकांना घट्ट चिकटतात. म्हणून पहाटे उतार दगडासारखा कडक असतो. ऊन चढलं की वरचा दोन-तीन सेंटिमीटरांचा थर सुटा होतो, आणि तास-दोन तास स्की लोण्यावरून गेल्यासारखी जाते. दुपारनंतर तीच जागा जड आणि चिकट होते.

हा फरक पडतो पाण्यामुळे. बर्फाचा पृष्ठभाग शून्याखालीही पुरता घट्ट नसतो. त्याच्या सगळ्यात वरच्या रेणूंची बांधणी सैल असते आणि घर्षणाच्या उष्णतेनं तिथं पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा तयार होतो. स्की घसरते ती त्या पापुद्र्यावर. पाणी वाढलं की तेच पाणी स्कीला खाली ओढून धरतं. म्हणून स्कीच्या तळाच्या पॉलिएथिलीनवर बारीक रेघा कोरतात आणि ओल्या हिमासाठी त्या जास्त ठळक ठेवतात. तिथून पाणी निसटतं आणि तळ मोकळा होतो. स्की स्वतःची असेल तर बांधण्याआधी तिच्या पोलादी कडा पुसून कोरड्या कराव्यात आणि तळावर मेणाचा जाड थर द्यावा. तो खरवडायचा नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसाच राहू द्यायचा.

एवढ्या उन्हात हे हिम टिकतं तरी कसं? स्वच्छ ताजं हिम अंगावर पडलेल्या प्रकाशातला ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतं. उरलेल्या प्रकाशालाही घाई करता येत नाही. शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जितकी उष्णता लागते, तितक्याच उष्णतेत तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. पांढरा डोंगर म्हणजे हिवाळ्यानं साठवलेला पाण्याचा प्रचंड ठेवा आहे, आणि सूर्याला तो अगदी सावकाश सोडवावा लागतो.

आता गाडीत बसू. उजवीकडची जागा घ्या. सेंट मॉरिट्झचं स्टेशन १७७५ मीटरवर, खिंडीतलं सर्वोच्च स्टेशन ओस्पित्सिओ बर्निना २२५३ मीटरवर आणि तिरानो ४२९ मीटरवर. हा सगळा मार्ग जेमतेम ६१ किलोमीटरांचा. १९१० मध्ये पूर्ण झालेल्या या मार्गावर दर हजार मीटरमागे ७० मीटरपर्यंत चढ आहे, तरी मध्ये दात्यांचा रूळ कुठंही नाही. गुळगुळीत चाक, गुळगुळीत रूळ, आणि पकड फक्त वजनाची.

वाटेत मोर्तेराच स्टेशन लागतं. तिथल्या हिमनदीची मोजणी १८७८ पासून सुरू आहे. तेव्हापासून ती दोन किलोमीटरांहून जास्त मागे सरली आहे, आणि कोणत्या वर्षी ती कुठवर होती हे पायवाटेवरच्या पाट्या सांगतात. त्या वाटेनं एकदा चालून यावंच. बर्फ आटतोय हे वाचणं वेगळं आणि एका पाटीपासून पुढच्या पाटीपर्यंत ते अंतर पायांनी कापणं वेगळं.

मग खिंड येते. रुळांच्या शेजारी आधी लेय नाइर हा छोटा, काळसर तलाव आणि लगेच पुढे लागो बियांको हा मोठा जलाशय. एप्रिलमध्ये दोन्ही बहुतेक बर्फाखालीच असतात. दोघांमधलं अंतर अगदी थोडं, पण पाण्याची वाटणी इथं होते. लेय नाइरचं पाणी उत्तरेला इन नदीत, पासाउला डॅन्यूबमध्ये आणि शेवटी काळ्या समुद्रात जातं. लागो बियांकोकडचं पाणी दक्षिणेला पोस्कियाव्हो खोऱ्यातून अद्दा नदीत, तिथून पो नदीत आणि मग एड्रियाटिकमध्ये. महाबळेश्वरच्या माथ्यावरचा पाऊस असाच कृष्णेतून बंगालच्या उपसागराला आणि सावित्रीतून अरबी समुद्राला मिळतो. पण पाऊस पडल्या पडल्या वाटेला लागतो. हिम मात्र कित्येक महिने त्याच कड्यावर थांबून राहतं, आणि जानेवारीच्या एखाद्या रात्री वारा कोणत्या बाजूनं वाहत होता यावर त्याचा समुद्र ठरतो. मला तर हा विचार मनातून काढताच येत नाही.

शक्य झालं तर ओस्पित्सिओ बर्निनाला पाण्याची बाटली अर्धी पिऊन झाकण घट्ट लावा. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊण पटीच्या आसपास असतो. तिरानोला पोचेपर्यंत बाटलीचे गाल आत गेलेले असतील. वर कोंडलेली विरळ हवा खालच्या दाट हवेपुढे टिकत नाही.

पुढचा उतार केवळ थक्क करणारा आहे. आल्प ग्र्यूमच्या खाली वळणांमागून वळणं येतात आणि लार्चची झाडं सुरू होतात. ब्रुझिओला जागा कमी आणि उतार जास्त. म्हणून तिथं रूळ नऊ कमानींच्या दगडी पुलावरून गोल फिरतात आणि त्याच पुलाखालून बाहेर पडतात. हा मार्ग पहिल्यापासून विजेवर चालतो, आणि ती वीज याच खोऱ्यातल्या पाण्याची. खालच्या कांपोकोलोन्योचं जलविद्युत केंद्र रेल्वेच्याही थोडं आधीचं. डोंगरावरून निघालेलं हिम वाटेत जनित्रं फिरवून खाली जातं, आणि ती वीज गाडी वर चढवते. नव्या गाड्या तर उतरताना ब्रेक लावत लावत वीज तयार करून तारेत परत सोडतात.

तिरानोला बाहेर पडलात की जॅकेट काढावं लागतं. भोवती द्राक्षांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा आणि सफरचंदाची झाडं असतात. खोऱ्यातून आलेली पोस्कियाव्हिनो नदी इथंच अद्दाला मिळते. मिलानची गाडी शेजारच्या स्टेशनातून सुटते आणि पुढे बराच वेळ अद्दाच्याच खोऱ्यातून धावते. कोलिकोजवळ नदी कोमो सरोवरात शिरते आणि रूळ सरोवराच्या पूर्व काठानं व्हारेन्नावरून लेक्कोला जातात. इथंही जागा उजवीकडचीच घ्यावी, पाणी त्या बाजूला आहे. लेक्कोला अद्दा सरोवरातून पुन्हा बाहेर पडून पो नदीची वाट धरते, आणि गाडी मिलानची.