अल्झायमरच्या वाटचालीत मेंदूतील दाहाचा वाटा

वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण असलेल्या अल्झायमर या विकारात मेंदूची संरक्षक यंत्रणाच मेंदूला अपाय करू लागते, असे गेल्या काही दशकांतील संशोधनातून दिसून आले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले. रुग्णाच्या मेंदूत चेतापेशींच्या बाहेर अमायलॉइड या प्रथिनाचे साठे जमतात, तर पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचा गुंता होतो. असे साठे दूर करण्याचे काम मायक्रोग्लिया या रक्षक पेशींचे असते. त्या अमायलॉइडला वेढा घालतात आणि सायटोकाइन नावाचे संदेशवाहक रेणू सोडतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा हे त्यांपैकी प्रमुख होत.

हाताला जखम झाली की सूज येते आणि जखम भरताच ती ओसरते. मेंदूतील अमायलॉइड मात्र हटत नाही. त्यामुळे दाहही शमत नाही. दीर्घकाळ स्रवणाऱ्या सायटोकाइनमुळे चेतापेशींमधील जोडण्या दुबळ्या होतात. नष्ट होणाऱ्या पेशींच्या अवशेषांमुळे रक्षक पेशी अधिकच चेततात आणि दुष्टचक्र सुरू होते. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत इंटरल्युकिन-१ वाढल्याचे १९८९ मध्येच आढळले होते. मायक्रोग्लियाच्या कार्याशी निगडित ट्रेम-२ या जनुकातील दुर्मिळ बदलांमुळे रोगाचा धोका वाढतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. दाह हा रोगाचा केवळ परिणाम नसावा, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

मग दाहशामक गोळ्यांनी रोग टळेल का? अमेरिकेत नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब या औषधांची वृद्धांवर चाचणी झाली. हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेमुळे २००४ मध्ये ही औषधे देणे थांबविण्यात आले. प्रतिबंधक लाभही दिसला नाही. दाहाची सुरुवातीची भूमिका उपकारक असल्याने तो केव्हा आणि किती रोखावा, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी निरोगी अवस्थेपासून माणसांचा मागोवा घ्यावा लागतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने हेच काम हाती घेतले आहे. कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा परिसरात ४५ वर्षांवरील १०,००० ग्रामस्थांच्या दीर्घकालीन अभ्यासाचे उद्दिष्ट आहे. बंगळुरू शहरातील नागरिकांचाही स्वतंत्र अभ्यास सुरू आहे. स्मरणशक्तीच्या चाचण्या, रक्ततपासणी, जनुकीय माहिती आणि मेंदूच्या एमआरआय प्रतिमा यांची नोंद ठराविक काळाने घेतली जाते. दाह आधी की विस्मरण आधी, याचे उत्तर अशाच नोंदींतून मिळू शकेल.

रक्तातील इंटरल्युकिन-६ संसर्ग, मधुमेह वा स्थूलपणातही वाढते. म्हणून केवळ त्यावरून अल्झायमरचे निदान होत नाही. विस्मरणाच्या भीतीने परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणे अपायकारक ठरू शकते. मधुमेह व रक्तदाबावर नियंत्रण आणि नियमित व्यायाम हे आज हाती असलेल्या उपायांपैकी आहेत.