ठरवायचं कोणी?

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर धुळ्याच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘इस्लाममध्ये बुरखा सक्तीचा आहे की नाही, एका शब्दात सांगा.’ एका शब्दात सांगता येत नाही. का येत नाही, तेवढं आज आपण पाहू.

आधी मूळ वचन बघू. कुराणाच्या २४व्या सूरहमधली ३०वी आयत नजर खाली ठेवायला सांगते, ती पुरुषांना. ३१वी आयत तेच स्त्रियांना सांगते आणि पुढे म्हणते, ओढणी छातीवर घ्यावी, सहज दिसतं तेवढं सोडून शोभा दाखवू नये. आता ‘सहज दिसतं’ म्हणजे काय? इब्न अब्बास यांच्या नावानं अर्थ सांगतात, चेहरा आणि हात. इब्न मसूद यांच्या नावानं सांगतात, वरचे कपडे. दोघेही पैगंबरांचे सहकारी. म्हणजे मतभेद पहिल्या पिढीपासूनचा आहे.

बरं, सुन्नी परंपरेत सर्वांना बांधील करणारं एकच धर्मपीठ नाही. मुफ्ती फतवा देतात, तो त्यांचा अभिप्राय असतो. फतव्याला कायद्याचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही ७ जुलै २०१४ रोजी स्पष्ट केलं.

मग सक्ती येते कुठून? आपल्या जळगावचंच बघा ना. मुस्लिम स्त्रियांनी सिनेमाला जायचं नाही, अशी बंदी इथे समाजातल्या पुढाऱ्यांनी घातली होती. कुराणात सिनेमा कुठून असणार? आणि पुरुषांना मात्र बंदी नव्हती! १९८२ साली रझिया पटेल या तरुण कार्यकर्तीनं त्याविरुद्ध लढा दिला. म्हणजे वचन बाजूलाच राहतं आणि धर्माच्या नावानं मोहल्ला ठरवतो.

उलट बाजूही बघू. २०२२ मध्ये कर्नाटकात गणवेशाच्या नावानं वर्गात हिजाबला मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. हेमंत गुप्ता यांनी मनाई योग्य मानली. सुधांशू धुलिया म्हणाले, हा त्या मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे, आणि आपण तिच्या शिक्षणाची वाट बिकट करतोय का, ते पाहायला हवं.

कुणी म्हणेल, लहानपणापासून घरात जे बिंबवलं, ती निवड तिची कशी? शंका रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तरी आमच्या किती निवडी अगदी आमच्या होत्या, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तिची निवड कच्ची वाटते म्हणून ती दुसऱ्यानं करावी, हे काही त्यावरचं उत्तर नव्हे. ती शिकली, चार मतं तिच्या कानावर पडली, तर ती स्वतः तपासेल. म्हणून ओढणी घेऊन येवो की न घेता, तिच्यासाठी वर्गाचं दार उघडं हवं.